वाचनाची सवय आधी कानाला लागते का? खान्देशातील वाचकांनी आपापले अनुभव लिहावेत

गिरणाकाठ

सर्व वाचकांना नमस्कार. गिरणेच्या काठावरील एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतील एका खोलीत 'ड' वर्गाचे, म्हणजे सरकारी वर्गवारीतले सर्वांत लहान, सार्वजनिक वाचनालय आहे आणि तेथे मी गेली २२ वर्षे ग्रंथपालाचे काम करतो. पुस्तके दाखल रजिस्टरला चढवणे, देवघेव लिहिणे, वर्गणीची पावती फाडणे, वाळवी दिसली की कपाट अंगणात काढून उन्हाला लावणे, हे सारे एकाच माणसाने करायचे असते आणि ते मी मनापासून करतो. इतक्या वर्षांत एक प्रश्न मात्र माझी पाठ सोडत नाही. ज्या घरात पंचांगापलीकडे छापलेला कागद नाही, त्या घरातले एखादे मूल पक्के वाचक होते, आणि ज्या घरात काचेचे कपाट भरून पुस्तके आहेत तेथील मुले वाचनालयाची पायरी चढत नाहीत, असे का होत असावे?

माझ्यापुरते उत्तर माझ्या लहानपणात आहे. आमच्या घरी चातुर्मासात पोथी लागत असे. मी चौथीत असताना वडिलांची नजर अधू झाली आणि पोथी वाचण्याचे काम माझ्याकडे आले. ओसरीवर कंदील, मध्ये भुईमुगाच्या शेंगांचा ढीग आणि भोवती आई, काकू व गल्लीतल्या चार-पाच बाया शेंगा फोडत बसलेल्या, असा तो थाट असे. मला खेळायला जायचे असल्यामुळे मी ओव्या भराभर उरकत असे. त्या बायांमध्ये अक्षरओळखही नसलेल्या एक वृद्ध आजी होत्या. त्या मध्येच हात वर करीत आणि म्हणत, "थांब रे भो, ते परत वाच." मी परत वाचत असे आणि त्या वेळी शेंगा फुटण्याचा आवाज थांबत असे. तो आवाज थांबला म्हणजे ओवी पोहोचली, हे मला कोणी शिकवले नव्हते, पण महिनाभरात ते मला आपोआप कळू लागले. कोठे थांबावे, कोणता शब्द हळू घ्यावा, प्रश्नाच्या ओवीनंतर किती श्वास सोडावा, हे मी त्या आवाजावरून शिकलो. पाचवीत गेल्यावर शाळेच्या पेटीतले पहिले गोष्टीचे पुस्तक मी एकट्याने वाचले, तेव्हाही ते मी मनातल्या मनात त्या आजींनाच वाचून दाखवीत होतो.

पुढे ध्यानात आले की आपल्या भागाशी जोडली गेलेली काही थोर पुस्तकेही आधी बोलली गेली आणि मग कागदावर आली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचने दिली आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, तिचीही रचना ४२ रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरचे शब्द पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले, १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. कोणीतरी कान देऊन ऐकले नसते, तर यातली निदान दोन पुस्तके आज नसती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की वाचनाची सवय आधी कानाला लागते आणि डोळ्यांना नंतर. आपणा सर्वांचा अनुभव याला धरून आहे की याच्या विरुद्ध, ते सविस्तर लिहावे.

पांझरेकाठ

गिरणाकाठ जिभाऊ, आपला लेख वाचून समाधान वाटले. तरीही मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही, आणि हे मी आपल्याविषयीचा आदर ठेवूनच लिहितो.

मी धुळ्याचा राहणारा. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी आमच्या गावी निवर्तले आणि त्यांच्या नावाने लगेच पुढच्या वर्षी येथे इतिहास संशोधन मंडळ उभे राहिले. नोकरीच्या काळात सुटीच्या दिवशी मोडी कागद वाचायला शिकण्याचा मी नाद घेतला. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग धावते आणि लिहिणाऱ्याचा हात जसा असेल तसे अक्षर वळते. एकेका ओळीपाशी अर्धा-अर्धा तास बसावे लागते. तेथे ऐकणारा कोणी नसतो आणि मोठ्याने वाचण्याचा काही उपयोगही नसतो. एकदा एका पत्रातील एक शब्द मी तीन रविवार चुकीचा वाचत होतो. चौथ्या रविवारी तो उलगडला आणि पत्राचा सारा रोख बदलला. त्या दिवसापासून वर्तमानपत्र वाचतानाही मी मथळ्यावर विश्वास ठेवीनासा झालो. माझ्या स्वभावातली घाई गेली ती या एकांतातल्या वाचनामुळे गेली, हे मी खात्रीने सांगू शकतो.

ऐकण्यात एक मर्यादा असते, ती म्हणजे वाचणाऱ्याच्या गतीने चालावे लागते. एखाद्या वाक्याशी भांडायचे असेल तर पुस्तक मिटून येरझारा घालता आल्या पाहिजेत, आणि भरल्या ओसरीत ते जमत नाही.

आपण बहिणाबाईंचा उल्लेख केला म्हणून आणखी एक सांगतो. जळगावचा छापखाना पाहून त्यांनी रचलेल्या गाण्याचा आशय असा आहे की कोरा कागद छापला गेला की शहाणा होतो, माणूस मात्र वेडा तो वेडाच राहतो. पुस्तकाने माणूस घडतो असे आपण सहज म्हणतो, परंतु ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिने या म्हणण्यातली फट नेमकी दाखवून ठेवली आहे. शेकडो पुस्तके वाचून जसेच्या तसे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. वाचलेले किती काळ मनात घोळवले, यावर सारे अवलंबून असावे असे मला वाटते.

ओसरी

पांझरेकाठ सर, आपण एकांताविषयी लिहिलेत, तो एकांत सर्वांना मिळत नाही, एवढेच प्रथम नोंदवते.

माझे माहेर चोपड्याचे आणि सासर तापीच्या अलीकडे, मोठ्या एकत्र कुटुंबात. लग्नाआधी मला वाचनाची फार आवड होती. सासरी कोणी वाचू नको म्हणाले नाही, पण दुपारी पुस्तक घेऊन बसलेली सून रिकामी बसली आहे असेच सर्वांना वाटत असे. हातात निवडायची डाळ असली की ते काम, आणि पुस्तक असले की ती चैन. पहिली दोन वर्षे मी पुस्तक धान्याच्या कोठीमागे ठेवत होते.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंचा पाय मोडला आणि त्या तीन महिने खाटेवर होत्या. वेळ जावा म्हणून मी त्यांना वाचून दाखवू लागले. आठ दिवसांत अशी परिस्थिती झाली की मी भांडी घासत असताना त्या खाटेवरून मला हाक मारीत आणि विचारीत, "मंग काय जयं?" (मग काय झाले?) मला पुस्तकासाठी बोलावणे येऊ लागले, आणि घरात कोणालाही त्यावर काही बोलायला जागा राहिली नाही. वाचनालयाचे कार्ड सासऱ्यांच्या नावावर होते, ते त्यांनी स्वतः जाऊन माझ्या नावावर केले आणि अनामतही भरली.

त्या वाचनातली एक दुपार मला विसरता येत नाही. कादंबरीत एका मुलीची शाळा सुटते असा प्रसंग होता. मी वाचत होते आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मनी पण दुसरीमाच सोडी दिन्ही शाळा." (मीही दुसरीतच शाळा सोडून दिली.) २६ वर्षे संसार केलेल्या माझ्या सासऱ्यांनाही ही गोष्ट माहीत नव्हती. पुढे माझ्या मुलीला बारावीनंतर बाहेरगावी शिकायला पाठवण्याचा विषय निघाला, तेव्हा घरातले पुरुष गप्प होते आणि सासूबाई एकट्या म्हणाल्या की पोरगी जाईल. त्या कादंबरीचे नाव आज त्यांना आठवत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही.

आता मी एकटीही वाचते, पहाटे पाणी येण्याआधीच्या अर्ध्या तासात. पण तो अर्धा तास मला त्या तीन महिन्यांनी मिळवून दिला आहे.

जंक्शन

ताई, आपले लिहिणे दोनदा वाचले.

मी भुसावळला रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो, आता निवृत्त आहे. ड्यूटीवर असताना वाचणे म्हणजे गुन्हा, आणि तो नियम मी नोकरीभर पाळला. पण गाडी पोहोचवल्यावर परगावच्या रनिंग रूममध्ये सहा-आठ तास विश्रांतीचे असतात आणि तेथे झोप प्रत्येक वेळी येतेच असे नाही. खोलीत दुसरे कर्मचारी झोपलेले असल्यामुळे दिवा लावता येत नसे. मग बाहेर व्हरांड्यातील बाकावर बसून मी वाचत असे.

एकदा वाचून झालेला एक कथासंग्रह मी मुद्दाम खांडव्याच्या रनिंग रूममधील फळीवर ठेवून आलो आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने फक्त 'भुसावळ' एवढे लिहिले. वर्षभराने ते पुस्तक मला बडनेऱ्याला सापडले. पाने चहाच्या डागांनी पिवळी पडली होती, पुठ्ठा सुतळीने बांधलेला होता आणि शेवटच्या पानावर माझ्या अक्षराखाली इगतपुरी, नांदगाव, अकोला, पुन्हा भुसावळ, बडनेरा अशी वेगवेगळ्या हातांची नावे होती. त्यातील एकाही माणसाला मी ओळखत नव्हतो. एका कथेच्या शेवटी कोणीतरी बारीक अक्षरात लिहिले होते की असे व्हायला नको होते. मी तेथे बसून ती कथा पुन्हा वाचली आणि प्रथम वाचताना ज्या पात्राचा मला राग आला होता, त्याची बाजू मला त्या एका ओळीमुळे दिसली. आमचे हे वाचन एकांतातले होते, तरी ते एकट्याचे नव्हते.

मृगबाग

आम्ही रावेर तालुक्यातील केळी उत्पादक. शिकलेलो बारावीपर्यंत, त्यामुळे येथे लिहिताना चुका झाल्यास सांभाळून घ्यावे.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशी येत असे. रात्रीच्या पाळीत बाराच्या पुढे मोटार चालू करायला विहिरीवर जायचे आणि वीज टिकते की जाते हे पाहत तेथेच थांबायचे. साप-विंचवाच्या भीतीने जागे राहणे भागच होते. चुलत भावाने मला बॅटरीच्या उजेडात वाचायला एक आत्मचरित्र दिले. सुरुवातीला मी ते फक्त झोप येऊ नये म्हणून वाचत होतो. दोन पाने झाली की मोटारीचा आवाज ऐकायचा, पाण्याची धार पाहायची आणि पुन्हा पुस्तकाकडे वळायचे. त्या एका पुस्तकाला मला अख्खा कांदेबाग, म्हणजे केळीचा एक पूर्ण हंगाम, लागला.

त्या माणसाने आपल्या रोजच्या गोष्टी वर्षानुवर्षे लिहून ठेवल्या होत्या, ही गोष्ट माझ्या मनात बसली. मी दोनशे पानी वही आणली आणि लागवड कधी केली, खत कोणते दिले, बाग निसवायला (घड बाहेर पडायला) कधी लागली, घडाचे वजन काय भरले, भाव काय मिळाला, वारा कोणत्या तारखेला सुटला आणि किती खोडे आडवी झाली, हे लिहू लागलो. पहिली वही भरली तेव्हा समजले की ज्या नुकसानीला मी नशीब म्हणत होतो, त्यातले निम्मे दर वर्षी मी त्याच चुकीने करीत होतो. आता अकरावी वही चालू आहे. शेजारचे शेतकरी ती पाहायला येतात. माझ्या आयुष्यात पुस्तकाने काय केले असे कोणी विचारले तर मी त्या वह्या दाखवतो.

मला कोणी लहानपणी वाचून दाखवले नाही. त्यामुळे गिरणाकाठ भाऊंचे म्हणणे मला लागू होत नाही. मात्र माझा मुलगा आता चौथीत आहे आणि रात्री मी वही लिहितो तेव्हा मी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवावी असे तो म्हणतो. घडाचे वजन आणि वाऱ्याची तारीख ऐकण्यात त्याला काय गोडी वाटते हे मला कळत नाही, पण एखाद्या दिवशी वाचले नाही तर तो झोपत नाही.

सातपुड्याची पायवाट

मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला एका पाड्यावरील शाळेत शिक्षक आहे. येथील चर्चेत कान आणि डोळे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु कानाला कोणती भाषा ऐकू येते हा प्रश्न कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो.

माझ्या वर्गातील मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात. पहिलीच्या पुस्तकातील मराठी त्यांना परकी असते. प्रमाण मराठीची तर गोष्टच सोडा, आपली अहिराणी बोलणारा माणूसही त्यांना बाहेरचा वाटतो. मूल अक्षरे जोडून वाक्य अचूक वाचते, गुरुजी समाधानाने मान डोलावतात, आणि त्या वाक्यातून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. असे वाचणारे मूल वाचक होईल अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पहिली दोन वर्षे मी हाच अन्याय केला, हे मला कबूल केले पाहिजे.

नंतर मी एक वेगळा मार्ग धरला. अमळनेरच्या शाळेत असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत, हे मी ऐकले होते. मी मुलांना त्यांच्या आजोबांकडून गोष्टी ऐकून यायला सांगितल्या. मुले त्यांच्या बोलीत सांगत आणि मी देवनागरीत जशाच्या तशा मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावीत असे. माझे उच्चार चुकले की मुले मला दुरुस्त करीत. ज्या दिवशी एका मुलीने भिंतीवरचा कागद वाचला आणि ती वळून म्हणाली की ही तर माझ्या आजाची गोष्ट आहे, त्या दिवशी वर्गात प्रथमच कोणीतरी खऱ्या अर्थाने वाचले. त्याखाली हळूहळू मी तीच गोष्ट मराठीतही लिहू लागलो आणि मुले एका कागदावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. आता शाळेच्या पेटीतील मराठी पुस्तके ती स्वतः मागून घेतात.

भिंतीवरचे कागद पावसाळ्यात ओलीने गळून पडतात. मी ते जपून ठेवतो. आतापर्यंत ७३ गोष्टी जमल्या आहेत.

अभ्यासिका

मी जळगावात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. आमच्या वाचनालयातील अभ्यासिकेत सकाळी सातला गेले नाही तर खुर्ची मिळत नाही, आणि त्याच इमारतीतील कादंबऱ्यांच्या कपाटांकडे दिवसभरात क्वचितच कोणी वळते. आम्ही रोज दहा-दहा तास वाचतो, मात्र ते सारे लक्षात ठेवण्यासाठी असते. मागील महिन्यात आईने गावाकडून एक कथासंग्रह पाठवला. वाचायला बसलो आणि दोन पाने झाल्यावर पाहिले तर महत्त्वाची वाटलेली वाक्ये मी हायलायटरने रंगवली होती. मला फार वाईट वाटले. सातवी-आठवीत मी गोष्टीचे पुस्तक जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून वाचत असे. ते वाचन परत कसे मिळवावे, हे कोणी सांगू शकेल का?

पांझरेकाठ

अभ्यासिका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच सुचवणे आहे. ते पुस्तक अभ्यासिकेत वाचू नका आणि पेन जवळ ठेवू नका. शक्य असेल तर पहिली कथा खोलीतल्या मित्राला मोठ्याने वाचून दाखवा. मोठ्याने वाचताना हाताला वाक्याखाली रेघ ओढायला सवड मिळत नाही.

हे लिहिताना माझ्याच आधीच्या मतावरून मी किंचित सरकलो आहे, याची मला जाणीव आहे. ओसरीताईंनी लिहिले त्याप्रमाणे एकांत ही मिळवावी लागणारी गोष्ट आहे आणि मला ती न मागता मिळाली होती. पण एकांतात सावकाश वाचल्याशिवाय वाचन मुरत नाही, हे मत मी सोडलेले नाही. मृगबाग यांचा कांदेबागभर चाललेला ग्रंथ हाच माझा पुरावा आहे.

गिरणाकाठ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभार. मृगबाग भाऊ, आपला अनुभव माझ्या म्हणण्याला छेद देणारा आहे आणि मी तो मान्य करतो. आपल्या मुलाचे मात्र मी माझ्या बाजूला धरतो.

सातपुड्याची पायवाट सर, आपण मांडलेल्या प्रश्नाने मला आमच्या वाचनालयाकडे नव्याने पाहायला लावले. आमच्या गावात ऊसतोडीला आणि वीटभट्टीला डोंगराकडची कुटुंबे येतात, त्यांची मुले खिडकीच्या गजांना धरून आत पाहतात आणि मी त्यांना आत बोलावतो, पण त्यांच्या कानाला ओळखीचे वाटेल असे एकही पुस्तक माझ्या रजिस्टरात नाही. आपल्या ७३ गोष्टींपैकी काहींच्या प्रती काढून मिळाल्या, तर मी त्या रीतसर दाखल करून घेईन, त्यांना दाखल क्रमांक देईन आणि पाठीमागे तारखेची चिठ्ठी चिकटवीन. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च वाचनालय करील.

या गोष्टी वाचून दाखवताना माझे उच्चार चुकतील हे उघड आहे. मुले दुरुस्त करतील अशी आशा आहे. शनिवारी दुपारी चार वाजता खोली उघडी असते. या हंगामात भुईमूग चांगला आला आहे, तेव्हा शेंगांची एक पाटीही मध्ये ठेवायचा विचार आहे.